मुतखडा, पाषाणभेद आणि आमच्या याद्या

मराठवाड्यातील औषधी वनस्पतींची सर्वेक्षणे गेल्या काही दशकांत पुष्कळ झाली. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हाही त्यात आहे. कळमनुरी, औंढा नागनाथ या भागांत आंध आदिवासींची वस्ती आहे. गावोगावच्या जाणकारांना विचारायचे आणि तक्ता करायचा: शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, कुळ, उपयुक्त भाग, उपयोग. उपयोगाच्या रकान्यात 'मुतखड्यावर' हा शब्द हमखास येतो. सराटा, कुरडू, आघाडा, वायवर्णा, पानफुटी, हुलगे ही नावे पुन्हा पुन्हा भेटतात.

अशा याद्या निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणत नाही. ज्ञान नोंदले गेले नाही तर ते माणसाबरोबर जाते. आमची तक्रार वेगळी आहे. यादी हा प्रश्न असतो, आणि निबंधाच्या शेवटी तो उत्तर म्हणून मांडला जातो.

पहिली अडचण नावाची. 'पाषाणभेद' म्हणजे दगड फोडणारा. पण हे एकाच झाडाचे नाव नाही. पाषाणभेद म्हणून बाजारात येणारे मूळ बहुधा हिमालयातील बर्जेनियाचे असते, आणि ही वनस्पती मराठवाड्यात उगवत नाही. कुठे कपुरीमाधुरीला, कुठे पानफुटीला, तर कुठे ओढ्याकाठच्या रोटुला या झुडपाला पाषाणभेद म्हणतात. पानफुटी तर मूळची मादागास्करची. खडकाच्या फटीत वाढणारे झाड पाहून ते पोटातला खडाही फोडील असे वाटणे स्वाभाविक आहे, पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून नमुना वाळवून, क्रमांक देऊन वनस्पतिसंग्रहात ठेवला पाहिजे, आणि वि. ना. नाईक यांच्या 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' (१९९८) सारख्या ग्रंथाशी ताडून पाहिला पाहिजे. ज्या निबंधात हे नाही, त्यातले झाड कोणते हे वाचकाला कळतच नाही.

दुसरी अडचण 'खडा पडला' या वाक्याची. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप लघवीवाटे पडतात. त्या काळात रुग्ण जे घेत असेल त्याला श्रेय मिळते. शिवाय हुलग्यांचा काढा म्हणजे मुख्यतः पाणीच. आणि पाण्याचा परिणाम मोजला गेलेला आहे. इटलीतील बोर्घी व सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला भरपूर पाणी प्यायला सांगितले, दुसऱ्याला काही सांगितले नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेला पाच वर्षांचा निष्कर्ष असा: पुन्हा खडा झाला तो पहिल्या गटात सुमारे १२ टक्के, तर दुसऱ्यात २७ टक्के रुग्णांना. तेव्हा काढ्याची तुलना 'काहीच न घेणाऱ्यांशी' करून चालणार नाही. तेवढेच पाणी पिणाऱ्यांशी केली पाहिजे.

तिसरी अडचण आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांची. उंदरांना पाण्यातून इथिलीन ग्लायकॉल पाजतात. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात तेच हे रसायन. शरीरात त्याचे ऑक्झॅलेट होते आणि मूत्रपिंडात स्फटिक साचतात. सोबत वनस्पतीचा अर्क दिला आणि स्फटिक कमी झाले, की 'मुतखड्यावर गुणकारी' असे छापले जाते. पण विषबाधा झालेल्या उंदरात स्फटिक कमी होणे वेगळे आणि माणसाच्या मूत्रपिंडात बसलेला खडा विरघळणे वेगळे. परीक्षानळीतही तेच: तिथला दाट अर्क पचनातून पार होऊन त्याच प्रमाणात लघवीत उतरत नाही. युरिक आम्लाचा खडा लघवी अल्कधर्मी केली की विरघळू शकतो; सर्वांत जास्त आढळणारा कॅल्शियम ऑक्झॅलेटचा मात्र विरघळत नाही.

मग नीट अभ्यास होऊच शकत नाही का? होतो. ब्राझीलमध्ये भुईआवळीच्या जातीवर ६९ रुग्णांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या लघवीत कॅल्शियम जास्त होते त्यांच्यात ते घटले, इतकेच संशोधकांनी सांगितले. खडा विरघळला असा दावा केला नाही. ती जात फायलँथस निरुरी. आपल्याकडे शेतात उगवणारी भुईआवळी बहुतांशी फायलँथस अमारस असते. पुन्हा नावाचाच प्रश्न!

यात पणाला काय लागते? मोठा खडा वाट अडवून बसला, तर दुखणे थांबले तरी मूत्रपिंड हळूहळू निकामी होऊ शकते. दुखण्याबरोबर थंडीताप आला किंवा लघवी बंद झाली, तर काढ्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. हे वाक्य प्रत्येक यादीखाली हवे.

बालविज्ञान परिषदेसाठी औषधी वनस्पतींचा प्रकल्प घेणाऱ्या शिक्षकांना म्हणून आमची सूचना आहे. पन्नास झाडांऐवजी पाचच घ्या. कोणता भाग, कोणत्या ऋतूत, किती, कशात, किती दिवस, आणि कोणाला देत नाहीत, हे विचारा. ज्यांना गुण आला नाही त्यांचीही नोंद करा. जाणकाराची परवानगी घ्या आणि श्रेय द्या. शेवटी 'उपयोग' याऐवजी 'लोक असे सांगतात' असा रकाना करा. एवढ्या बदलाने विद्यार्थ्याला विज्ञान म्हणजे काय ते कळेल, आणि ज्यांनी ज्ञान दिले त्यांचाही मान राहील.