कागद, पास आणि प्रस्तावना : फ्रेडरिक डग्लसची तीन आत्मचरित्रे

शोषितांची आत्मकथने वाचण्याची एक ठरीव रीत आपल्या समीक्षेत रुळलेली आहे. १९७८ मध्ये ‘बलुतं’ आणि १९८० मध्ये ‘उपरा’ प्रसिद्ध झाल्यानंतर ‘अनुभवाची अस्सलता’ हा शब्दप्रयोग इतक्या वेळा वापरला गेला, की तो निकष आहे की केवळ प्रशस्तिपत्र हेच कळेनासे झाले. लेखक साक्षीदार, समीक्षक न्यायाधीश आणि संहिता ही जबानी, अशी ही मांडणी आहे. रचना, निवड, वगळणी यांची चर्चा मागाहून होते, झालीच तर. या रीतीची मर्यादा ध्यानात येण्यासाठी फ्रेडरिक डग्लसची आत्मचरित्रे वाचावीत असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण डग्लसपुढे ही जबानीची अट आपल्यापेक्षा कितीतरी उघडपणे घातली गेली होती, आणि ती त्याने पाळली, वाकवली व शेवटी मोडलीही.

‘नॅरेटिव्ह ऑफ द लाइफ ऑफ फ्रेडरिक डग्लस’ हे पहिले आत्मचरित्र १८४५ चे, जेमतेम सव्वाशे पानांचे. ‘माय बाँडेज अँड माय फ्रीडम’ १८५५ चे, त्याच्या तिपटीहून मोठे. ‘लाइफ अँड टाइम्स’ १८८१ चे, आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८९२ ची. एकाच बालपणाची, एकाच मेरिलँडची, एकाच पलायनाची ही तीन कथने आहेत. अस्सलतेचा निकष लावणाऱ्याची इथे पंचाईत होते : यांपैकी अस्सल कोणते?

पहिल्या पुस्तकाच्या शीर्षकाखाली ते ‘त्याने स्वतः लिहिले’ असल्याची ग्वाही छापलेली आहे. ती पुरेशी वाटली नाही म्हणून विल्यम लॉइड गॅरिसनची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्सचे पत्र आरंभी जोडले आहे. रॉबर्ट स्टेप्टो या अभ्यासकाने १९७९ मध्ये गुलाम-आत्मकथनांतील अशा प्रमाणपत्रवजा मजकुरांची चिकित्सा केली आहे. काळ्या निवेदकाचा शब्द गोऱ्या हमीदारावाचून बाजारात चालत नव्हता, हे त्यामागचे साधे कारण. मात्र सर्वांत खणखणीत प्रमाणपत्र शत्रूकडून आले. ए. सी. सी. थॉम्पसन नावाच्या एका गोऱ्या गृहस्थाने वृत्तपत्रात लिहिले, की आपण ओळखत होतो तो फ्रेडरिक बेली अडाणी गुलाम होता, असले पुस्तक लिहिणे त्याला शक्यच नाही. डग्लसने त्याचे जाहीर आभार मानले : मी खरोखरच गुलाम होतो याबद्दल शंका घेणाऱ्यांची तोंडे तुम्ही बंद केलीत! १८५५ च्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ती जेम्स मॅक्यून स्मिथ या काळ्या डॉक्टराने. मधल्या काळात डग्लसने रॉचेस्टरहून स्वतःचे पत्र सुरू केले होते आणि गॅरिसनशी त्याचे फाटले होते. केवळ घडलेले सांग, तत्त्वज्ञान आम्ही पाहून घेऊ, अशी चळवळीतल्या स्नेह्यांची अपेक्षा असे, हेही त्याने या दुसऱ्या पुस्तकात नोंदवले. ही तक्रार आपल्या दलित लेखकांनाही परकी वाटू नये.

‘कागद’ हे या सगळ्याच्या मुळाशी असलेले रूपक आहे. पण त्याला रूपक म्हणण्याआधी तो खराखुरा कागद होता हे विसरता कामा नये. १८३६ मध्ये डग्लसने काही सोबत्यांसह पळून जाण्याचा बेत केला, तेव्हा त्याने मालकाच्या नावाने सर्वांसाठी पास लिहिले. दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी त्याने केलेले हे पहिले लेखन. आणि ते बनावट आहे, दुसऱ्याच्या सहीचे आहे. बेत फुटला. बांधून नेले जात असता त्याने आपला पास विस्तवात टाकला आणि एका सोबत्याला त्याचा पास भाकरीबरोबर खाऊन टाकायला सांगितले. लेखनाचा पुरावा गिळून टाकणे हीच तेव्हा जगण्याची अट होती. साक्षरतेतून मुक्ती हे डग्लसविषयीचे सर्वमान्य सूत्र या प्रसंगापाशी थोडे अडखळते. अक्षर इथे सोडवत नाही, फासावर नेऊ शकते.

३ सप्टेंबर १८३८ रोजी तो बाल्टिमोरहून निसटला. तारीख १८४५ मध्येच दिलेली आहे. रीत मात्र दिलेली नाही. का सांगत नाही ते तो सांगतो : मागे राहिलेल्यांची वाट बंद होईल, मदत करणारे गोत्यात येतील. म्हणजे कथानकाचा जो कळस वाचकाला हवा, तोच निवेदक रोखून धरतो. त्या पुस्तकाचा एक वाचक गुलामांचा मालकही आहे, याचे भान ज्याला आहे अशा लेखकाची ही रचना आहे. ही वगळणी अस्सलतेतली उणीव मानायची की शैलीचा सर्वांत कठोर निर्णय? १८५५ मध्येही हे मौन कायम राहिले. ते सुटले गुलामगिरी कायद्याने संपून सोळा वर्षे उलटल्यावर, १८८१ मध्ये. खलाशाचा वेष, एका स्वतंत्र काळ्या खलाशाकडून उसना घेतलेला दाखला, त्यातील वर्णन डग्लसशी न जुळणारे. गाडीतल्या कंडक्टरने दाखल्यावरचा गरुड पाहिला आणि माणूस नीट न्याहाळला नाही. हा प्रसंग वाचताना गॅरिसनच्या प्रस्तावनेची आठवण होणे अपरिहार्य आहे. दोन्हीकडे मुद्रा पाहून माणसाला पुढे सोडले जाते.

या कागदांच्या कथेत एक व्यक्ती जवळजवळ कागदाबाहेर राहिली आहे. अ‍ॅना मरे ही बाल्टिमोरची स्वतंत्र स्त्री. तिच्या शिलकीचा पलायनाला हातभार लागला, हे आपल्याला तिची मुलगी रोझेटा हिच्या १९०० मधील कथनातून कळते. १८४५ च्या पुस्तकात अ‍ॅना येते ती न्यूयॉर्कमधील विवाहापुरती. ती स्वतंत्र होती हे तळटीपेत, आणि पाठोपाठ विवाहाचा दाखला. पुन्हा दाखलाच! ती स्वतः बहुतांशी निरक्षर राहिली. डेबोरा मॅकडॉवेलने १९९१ मध्ये हेस्टर मावशीला फटके मारण्याच्या प्रसंगातील पुरुषी दृष्टीवर जो आक्षेप घेतला, तो काहींना अतिरेकी वाटला. तरी चव्वेचाळीस वर्षांच्या सहचारिणीला मिळालेल्या ओळी मोजल्या, तर तो सहज झटकून टाकता येत नाही. हॅरिएट जेकब्जचे १८६१ चे आत्मकथन शेजारी ठेवले की एकट्या वीराने बेड्या तोडण्याचा हा साचा किती पुरुषी आहे ते दिसते. तिने सुमारे सात वर्षे आजीच्या घराच्या माळ्यावर, उभेही राहता येऊ नये अशा पोकळीत काढली. तिचे स्वातंत्र्य आजी, मुले, शेजारी यांच्यात गुंतलेले आहे.

आपल्याकडची एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यमुक्त केले म्हणून. त्या अर्पणामागची विश्वबंधुत्वाची झेप मोठीच आहे. पण तिथे गौरव मुक्त करणाऱ्यांचा आहे. स्वतःच पास लिहून निघालेल्या गुलामाचा चेहरा त्या पानावर दिसत नाही. तो आपल्या वाचनात पुष्कळ उशिरा आला, आणि आला तोही बहुधा ‘प्रेरणादायी चरित्र’ या वेष्टनात.

शेवटी आजीचा प्रसंग. १८४५ च्या पुस्तकातील अत्यंत हृदयद्रावक पाने आजीच्या एकाकी अखेरीची आहेत : म्हातारी, निरुपयोगी झालेली बाई रानातल्या झोपडीत मरायला सोडलेली. मालक थॉमस ऑल्ड याच्यावर तो ठपका होता. ऑल्डने तिला पुढे आपल्याकडे आणून सांभाळले असे कळल्यावर डग्लसने १८४९ मध्ये आपल्या पत्रातून तशी कबुली दिली; १८७७ मध्ये सेंट मायकल्स येथे मरणपंथाला लागलेल्या ऑल्डला भेटला तेव्हा समोरासमोर चूक मान्य केली, आणि तेही १८८१ च्या पुस्तकात लिहिले. जबानीच्या निकषावर तो भाग बाद ठरेल. पण त्या पानांतील आजी ही एकाच वेळी एक व्यक्ती आणि व्यवस्थेने टाकून दिलेल्या असंख्य वृद्धांची प्रतिमा आहे. दुरुस्ती व्यक्तीची झाली, प्रतिमेची नव्हे. त्याच भेटीत डग्लसने आपल्या जन्माविषयी विचारले. आपण १८१७ मध्ये जन्मलो असे तो आयुष्यभर धरून चालला होता. ऑल्डने फेब्रुवारी १८१८ सांगितले. पहिला मालक आरन अँथनी याच्या हिशेबवहीत तीच नोंद आहे, हे डिक्सन प्रेस्टनच्या १९८० मधील संशोधनाने पुढे आणले. तीन आत्मचरित्रे लिहिणाऱ्या माणसाची जन्मतारीख मालकाच्या वहीत होती.