कोश आणि कोठा : पचनाच्या मराठी परिभाषेविषयी

मराठीत वैद्यकाची परिभाषा नाही, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. पोटापुरते बोलायचे तर ती खरी नाही. पोटासाठी मराठीत एक सोडून चार परिभाषा आहेत. एक आयुर्वेदाची : आमाशय, पक्वाशय, ग्रहणी, गुल्म. दुसरी गेल्या साठ-पासष्ट वर्षांत कोशकारांनी सिद्ध केलेली : लघ्वांत्र, आंत्रपुच्छशोथ, पर्युदर. तिसरी दवाखान्यातली : अ‍ॅसिडिटी, गॅस, अल्सर, अपेंडिक्स. आणि चौथी माणसाच्या तोंडची : मळमळ, मुरडा, कळ, ढाळ. अडचण ही की या चौघी एका घरात राहून एकमेकींशी बोलत नाहीत. त्यांच्यातल्या अबोल्याची किंमत रोग्याला मोजावी लागते.

मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. मुक्ताईनगर परिसरातले बोलीतले शब्द टिपून ठेवण्याचा नाद मला आहे, आणि माझ्या वह्यांमध्ये शेतीखालोखाल जाड वही पोटाची झाली आहे. त्या वहीशेजारी छापील कोश ठेवून पाहिले, तेव्हा जे दिसले ते इथे मांडतो.

एका शब्दाचा प्रवास

पोटाच्या विकारांचे देशी शब्द परक्यांनी फार पूर्वीपासून कान देऊन ऐकले आहेत. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला. त्याचा औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, वर्णन आहे आणि इथले लोक त्याला काय म्हणतात तेही नोंदवले आहे. तो शब्द म्हणजे आपली ‘मोडशी’. पोर्तुगीजांच्या तोंडी तिचे ‘मोर्देशी’सारखे रूप झाले. पुढे फ्रेंचांनी आपल्या भाषेच्या कानाने ते ऐकले आणि त्याचे ‘मॉर द शियां’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, करून टाकले. यूल आणि बर्नेल यांनी 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ही सगळी वाट उलगडली आणि शब्दाचे मूळ कोंकणी-मराठीतल्या ‘मोडणे’ या धातूत दाखवले. अंग मोडते, माणूस मोडून पडतो, म्हणून मोडशी. रोगी जे भोगतो तेच शब्दात उतरले आहे.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये निघाला, त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 मध्ये. त्यात मोडशी, मुरडा, ढाळ, ओकारी हे शब्द मानाने बसले आहेत. या कोशाची दिशा लक्षात घेण्यासारखी आहे. तो मराठीकडून इंग्रजीकडे जातो. राज्य करणाऱ्याला समोरच्या माणसाचे बोलणे समजून घेण्याची गरज होती, म्हणून बोललेला शब्द आधी आणि त्याचा अर्थ नंतर.

स्वातंत्र्यानंतर गरज बदलली. भाषा संचालनालय 1960 मध्ये स्थापन झाले आणि शास्त्राशास्त्रांचे परिभाषा कोश तयार होऊ लागले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला विश्वकोशाचे काम उभे राहिले. त्याचा परिभाषा-संग्रह 1973 मध्ये आणि पहिला खंड 1976 मध्ये आला. आता इंग्रजी शब्द समोर होता आणि त्याला मराठी प्रतिशब्द हवा होता. काम मोठे होते, ते निष्ठेने झाले. पण दिशा उलटल्यामुळे प्रश्नही उलटला. ‘लोक याला काय म्हणतात?’ या प्रश्नाच्या जागी ‘याला काय म्हणावे?’ हा प्रश्न आला.

अवयवांची नावे

अवयवांच्या बाबतीत कोशकारांवर रागावण्याचे कारण मला दिसत नाही. स्वादुपिंड कोणी डोळ्यांनी पाहत नाही, त्याला बोलीत नाव असण्याचे कारण नाही. तिथे संस्कृताकडे जाणे रास्तच. तरीही घडवलेल्या शब्दांतही डावे-उजवे असते. विश्वकोशात या ग्रंथीवरची नोंद ‘अग्निपिंड’ या नावाने आहे, शाळेच्या पुस्तकात ती ‘स्वादुपिंड’ आहे. स्वादु म्हणजे गोड, रुचकर. या नावावरून तिच्या कामाचा पत्ता लागत नाही. उलट अग्नी म्हणजे पचनशक्ती हे आपल्याकडे शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. ‘अग्नी मंद झाला’ असे घरोघरी म्हणतात. ज्ञानेश्वरीच्या पंधराव्या अध्यायात जठराग्नीसाठी आगटी आणि प्राणापानाच्या जोडभात्याचे रूपक येते. मुक्ताबाईने ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा आमच्या गावच्या लहान पोरालाही ठाऊक असते. इतकी जुनी आणि जिवंत कल्पना ज्या शब्दात होती तो मागे पडला आणि मुका शब्द रूढ झाला. परिभाषेतही चांगला शब्द नेहमीच टिकतो असे नाही.

घशातून जठराकडे जाणाऱ्या नळीचीही अशीच गत आहे. कोणी तिला ग्रसिका म्हणतो, कोणी ग्रासनलिका, कोणी अन्ननलिका. तिघेही अर्थाने बरोबर आहेत. पण वाचकाला एकदा ऐकून कळतो तो ‘अन्ननलिका’, आणि दवाखान्यातली मराठी पत्रकेही तोच वापरतात. शब्दाचा निवाडा शेवटी तिथे होतो.

‘काळीज’ या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. कवितेत काळीज म्हणजे हृदय. खाटकाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत. दोन्ही मराठी अस्सल आहेत. कोशकारांनी इथे ‘यकृत’ आणि ‘हृदय’ वेगळे केले ते उत्तम केले. बोलीवर कितीही प्रेम असले तरी बोलीने सगळे भागत नाही, हे कबूल करायला हवे.

लक्षणांची नावे

खरा पेच लक्षणांचा आहे. लक्षण डॉक्टरला दिसत नाही, ते रोग्याने सांगायचे असते. त्यासाठी रोग्याकडे असलेला शब्द हाच एकमेव पुरावा असतो.

मुक्ताईनगर, रावेर, यावल, भुसावळ या पट्ट्यातल्या तावडी आणि लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. केळ्याचे केये होते, डोळ्याचा डोया. त्याच नियमाने मळमळ ही ‘मयमय’ होते, जळजळ ‘जयजय’ आणि पोटातला गोळा ‘गोया’. कळ उठली की ‘कय’ उठते. बाहेरून नव्याने आलेल्या डॉक्टरला ‘पोटात कय येते’ हे वाक्य अर्धवट वाटते. सांगणाऱ्याच्या दृष्टीने त्याने पूर्ण आणि नेमके सांगितलेले असते : सतत दुखत नाही, थांबून थांबून पिळवटल्यासारखे दुखते. आतड्याच्या दुखण्यात हा भेद महत्त्वाचा असतो. ‘दुखणे’, ‘कळ’, ‘मुरडा’, ‘जळजळ’ आणि ‘तडस’ हे पाच शब्द पाच निरनिराळ्या वेदना सांगतात. कोशात मात्र त्यातले बरेचसे ‘उदरशूल’ या एकाच शब्दात गुंडाळले जातात.

‘पोटशूळ’ या शब्दाचे काय झाले तेही पाहावे. एकेकाळी तो रोग होता. आज वर्तमानपत्रात तो फक्त दुसऱ्याचे बरे पाहून उठतो. पित्त खवळते ते रागाने, मळमळ बाहेर पडते ती सभेत, अजीर्ण होते ते सत्तेचे. भाषेला हे शोभून दिसते, पण अशा शब्दाची औषधाच्या कामातली धार बोथट होते. ‘पोटात गोळा आला’ असे म्हटले की शहरी कान भीती ऐकतो. आमच्याकडे ‘गोया उठला’ म्हणणारी बाई खरोखरच पोटावर हात ठेवून सांगत असते, आणि आयुर्वेदात त्याच अनुभवाला ‘गुल्म’ असे स्वतंत्र प्रकरण आहे.

सर्वांत गोंधळाचा शब्द ‘पित्त’. आंबट ढेकर आली की पित्त, डोके दुखून उलटी झाली की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त. आधुनिक परिभाषेत मात्र पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा रस. गंमत अशी की रोगी ज्याला पित्त म्हणतो ते बहुधा जठरातले तीव्र आम्ल असते, आणि परिभाषेतले पित्त किंचित अल्कधर्मी. रसायनाच्या दृष्टीने ही दोन टोके झाली. सुशिक्षित माणूस यावर हसतो. पण हसण्याआधी आयुर्वेद उघडावा. तिथे पित्त हा एक रस नसून दोष आहे, आणि त्याचे पाच प्रकार आहेत : पाचक, रंजक, साधक, आलोचक, भ्राजक. पाचक पोटात, भ्राजक त्वचेत. पोटातल्या आणि कातडीवरच्या दुखण्याला एकच नाव देणारी बाई एका जुन्या व्यवस्थेला धरूनच बोलत असते. पाश्चात्त्य वैद्यकातल्या एका रसासाठी ‘पित्त’ हा शब्द उचलला, तेव्हा तो पूर्वीपासून कामाला जुंपलेला आहे याची दखल कोणी घेतली नाही.

‘गॅस’ हा त्याहून धोक्याचा शब्द. हृदयविकाराच्या झटक्याची वेदना कधी कधी पोटाच्या वरच्या भागात जाणवते. अशा वेळी ‘गॅस झाला’ म्हणून सोडा किंवा ओवा घेऊन माणूस झोपतो, आणि हाताशी असलेले तास निघून जातात. इथे बोली अपुरी पडलेली नाही. छातीवर ‘दडपण’, ‘ओझे’ हे शब्द तिच्याकडे आहेत. एका उसन्या शब्दाने सगळ्या देशी भेदांवर पाणी फिरवले आहे.

रोगांची नावे

रोगनामांत विश्वकोशाचे धोरण मला बरेचसे समंजस वाटते. कावीळ, मूळव्याध, आमांश, पटकी ही लोकांच्या तोंडची नावेच तिथे नोंदींची शीर्षके आहेत. मात्र टायफॉइडला ‘आंत्रज्वर’ म्हटले आहे. आतड्याशी असलेला संबंध त्यातून कळतो खरा, पण जुना ‘मुदतीचा ताप’ हा शब्द रोग्याच्या घराला अधिक उपयोगी गोष्ट सांगतो : हा ताप दोन दिवसांत जाणारा नाही, मधेच बरे वाटले म्हणून औषध सोडायचे नाही.

कावीळ हा शब्द मात्र जिवंत असल्यामुळेच घात करतो. कावीळ म्हणजे पिवळेपणा. तो लक्षण आहे, रोग नव्हे. यकृताला विषाणूमुळे येणाऱ्या सुजेलाही आपण ‘कावीळ’च म्हणतो, आणि ‘कावीळ ब’ असे लसीच्या संदर्भात सर्रास छापतो. पण ‘ब’ विषाणूची बाधा कित्येकांत वर्षानुवर्षे डोळे पिवळे न करता राहते. मग ‘डोळे पांढरे आहेत, म्हणजे कावीळ नाही’ असा निष्कर्ष निघतो. दुसरीकडे, डोळे पिवळे दिसले की माळ घालून कावीळ ‘उतरवणारा’ गाठला जातो. माळ लांबत जाते, पिवळेपणा पुष्कळदा आपोआप ओसरतो, आणि श्रेय माळेला मिळते. इथे ‘यकृताची सूज’ हा साधा शब्दप्रयोग जास्त प्रामाणिक आहे. ‘यकृतशोथ’ नको, कारण शोथ कोणाला कळत नाही. सूज सर्वांना कळते.

नवा शब्द रुजतच नाही असेही नाही. ‘जलसंजीवनी’ रुजला. कारण तो पुडीवर छापून, पाण्यात ढवळून, लेकराच्या तोंडी चमच्याने घालून शिकवला गेला. उलट ‘जुलाब’ पाहा : फारसीतले गुलाबपाणी, त्यावरून पोट साफ करण्याचे औषध, आणि शेवटी रोग. इंग्रजीतला ‘जुलेप’ त्याचाच भाऊ. शब्द वापरातून अर्थ घेतो, समितीच्या ठरावातून नाही.

करण्याजोगे काम

शेजारच्या मध्य प्रदेशात ऑक्टोबर 2022 मध्ये वैद्यकाची हिंदी पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यात बऱ्याच इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशाच ठेवल्या आहेत. आपल्याकडेही मराठीतून वैद्यकीय शिक्षणाची चर्चा चालू असते. माझे मत असे की अवयवांच्या संज्ञा संस्कृत असोत की इंग्रजी, विद्यार्थी त्या पाठ करील. त्याला पाठ करून मिळणार नाहीत ते रोग्याचे शब्द, आणि ते कोणत्याच अभ्यासक्रमात नाहीत.

म्हणून मोल्सवर्थची दिशा पुन्हा धरायला हवी. बोलीकडून परिभाषेकडे जाणारा, जिल्ह्याजिल्ह्याचा वैद्यकीय शब्दसंग्रह हवा. त्यात ‘पित्त’ या शब्दासमोर एकच अर्थ नसावा. तो शब्द कोणकोणत्या तक्रारींसाठी वापरतात, आणि ते ठरवण्यासाठी पुढे कोणते प्रश्न विचारावेत, हे असावे. ‘गॅस’समोर पहिला प्रश्न छातीचा, घामाचा आणि धाप लागण्याचा असावा. ‘कय’, ‘मयमय’, ‘गोया’ हे शब्द त्यात उच्चारासह असावेत. हे काम विद्यापीठांचे मराठी विभाग आणि वैद्यकीय महाविद्यालये एकत्र बसली तर एका वर्षात होण्यासारखे आहे. मोठा ग्रंथ नको, वीस-पंचवीस पाने पुरेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होणाऱ्या नव्या डॉक्टरच्या हाती पहिल्या दिवशी ती पडली, तर समोरच्या बाकावर बसलेली म्हातारी काय सांगते आहे ते त्याला पहिल्याच आठवड्यात कळू लागेल.