अकरा, चौदा आणि ‘नवी’ कूर्चा

आमच्या परिचयाचे एक क्रीडाशिक्षक मध्यंतरी एक पत्रक घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या हाताखाली कबड्डी शिकलेल्या एका मुलीचा गुडघा चढाई करताना पिरगळला होता. दुर्बिणीतून तपासणी झाली तेव्हा मांडीच्या हाडाच्या टोकावरील कूर्चेत एक खड्डा दिसला, आणि पुढे घरच्यांच्या हाती हे पत्रक पडले. ‘तुमच्याच पेशींपासून तुमच्या गुडघ्यात नवी कूर्चा’ असे त्यावर ठळक अक्षरांत छापले होते. सरांनी एवढेच विचारले, ‘‘हे खरं आहे का हो?’’

आम्ही डॉक्टर नाही. त्या मुलीने काय करावे हे सांगणे आमचे काम नव्हे, तसे सरांनाही सांगितले. परंतु एखादे विधान खरे कशावरून, हे विचारायला डॉक्टर असावे लागत नाही. पत्रकातील वाक्याचा माग काढत गेले की आपण १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधापाशी पोहोचतो. तो आम्ही पुन्हा काढून वाचला. निबंध उत्तम आहे. त्यावरून जे सांगितले गेले ते मात्र निबंधात पुरतेपणी नाही, असे आमचे मत झाले. ते कसे, हे येथे मांडतो.

आधी कूर्चेविषयी थोडे. पाठ्यपुस्तकात तिला कास्थी म्हणतात. सांध्यात हाडांच्या टोकांवर असते ती काचाभ कूर्चा : पांढरी, गुळगुळीत, गुडघ्यात साधारण दोन ते चार मिलिमीटर जाड. तिच्यात पाणी भरपूर, पेशी अगदी थोड्या आणि रक्तवाहिन्या मुळीच नाहीत. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून झिरपून होते. त्वचा कापली की रक्त येते, गुठळी होते, त्या गुठळीत नव्या पेशी शिरतात आणि जखम भरते, हे आपण आठवी-नववीत शिकवतोच. कूर्चेत रक्तच नसल्यामुळे ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. विल्यम हंटर यांनी १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात, नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, ही वैद्यांना पूर्वापार ठाऊक असलेली गोष्ट म्हणून नोंदवली होती.

कूर्चेत मज्जातंतूही नसतात. ही गोष्ट वर्गात सहसा सांगायची राहून जाते, पण पुढच्या साऱ्या विवेचनाची किल्ली तीच आहे. कूर्चेला खड्डा पडला म्हणून दुखते असे आपण म्हणतो, पण कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखते ते खालचे हाड, सांध्याचे अस्तर, आजूबाजूचे ऊतक. तेव्हा ‘खड्डा भरला’ आणि ‘दुखणे थांबले’ या दोन वेगळ्या घटना आहेत. एकीमुळे दुसरी घडत असेलही, परंतु ते सिद्ध करावे लागते.

आता त्या निबंधाकडे वळू. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या चमूने १९८७ पासून एक धाडसी उपाय चालवला होता. मॅट्स ब्रिटबर्ग, अँडर्स लिंडाल, लार्स पीटरसन हे त्यातील प्रमुख. गुडघ्याच्या कमी भार पडणाऱ्या भागातून कूर्चेचा लहानसा तुकडा काढायचा, त्यातील पेशी प्रयोगशाळेत दोन ते तीन आठवडे वाढवायच्या, मग गुडघा उघडून खड्ड्यावर नडगीच्या हाडावरील पातळ आवरणाचे ठिगळ शिवायचे आणि त्याखाली त्या पेशी सोडायच्या. ऑक्टोबर १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांनी २३ रुग्णांची हकिगत दिली. रुग्णांचे वय १४ ते ४८ वर्षे, खड्ड्यांचे क्षेत्रफळ १.६ ते ६.५ चौरस सेंटिमीटर. मांडीच्या हाडावर खड्डा असलेल्या १६ जणांपैकी १४ जणांचा निकाल दोन वर्षांनी चांगला किंवा उत्तम होता. गुडघ्याच्या वाटीवर खड्डा असलेल्या सातांपैकी मात्र दोघांचाच. पुढे भरलेल्या जागेचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा मांडीच्या हाडावरील १५ पैकी ११ तुकडे काचाभ कूर्चेसारखे दिसले आणि वाटीवरील सातांपैकी एक.

निबंधाचा मोठा गुण म्हणजे त्याचा प्रामाणिकपणा. वाटीचे अपयश झाकलेले नाही. दोघांच्या गुडघ्यात रोपण मध्यभागी झिजले आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, हेही सांगितले आहे. तीन महिन्यांनी दुर्बिणीतून पाहिले तेव्हा भरलेला भाग आजूबाजूच्या पातळीत होता, पण टोचल्यावर स्पंजासारखा दबत होता आणि त्याची कड स्पष्ट दिसत होती, इतका बारकावा त्यात आहे. हल्लीच्या पत्रकांत कड कधी दिसत नाही.

मग दोष कोणता? पहिला दोष शब्दाचा आहे. तुकडे काचाभ कूर्चेसारखे ‘दिसले’, असे संशोधकांनी लिहिले. ते योग्यच आहे. पण हे ‘सारखे’ निबंधाबाहेर पडताच गळून गेले आणि उरली ‘नवी कूर्चा’. वर्गात एखाद्या मुलाने निरीक्षणाच्या रकान्यात अनुमान लिहिले तर आपण लाल शाईने खूण करतो. येथे ती करायला कोणी उरले नाही.

दुसरा दोष अधिक खोल आहे, आणि तो शोधायला गणित पुरते. निबंधाच्या सारांशात ‘चौदा चांगले’ आणि ‘अकरा काचाभ’ हे दोन आकडे जवळजवळ येतात. वाचणाऱ्याच्या मनात ते आपोआप जोडले जातात : कूर्चा उगवली म्हणून गुडघा सुधारला. आता हे करून पाहा. मुलांनाही करायला द्यावे असे उदाहरण आहे. एका रुग्णाला एक रोपण असे धरू. रुग्ण १६, तुकडे १५, म्हणजे एकाचा तुकडा तपासलेला नाही. चांगले झालेले १४. काचाभ असलेले अकराच्या अकरा जण चांगले झाले आणि न तपासलेलाही चांगलाच झाला, असे अगदी उदारपणे मानले, तरी बारा झाले. उरलेले दोन कोण? ज्यांची कूर्चा काचाभ नाही, तरीही गुडघा चांगला आहे, असे किमान दोघे. वाटीच्या गटात चांगले दोन आणि काचाभ एकच, म्हणजे तेथे आणखी किमान एक. २३ जणांच्या लहानशा गटात निदान तिघे त्या जोडणीला छेद देणारे निघतात. यावरून पेशी निरुपयोगी ठरत नाहीत. मात्र सुधारणेचे श्रेय निश्चितपणे उगवलेल्या कूर्चेला देता येत नाही, एवढे नक्की.

आणि तिसरी उणीव सर्वांना दिसणारी : तुलनेला गट नव्हता. गुडघा उघडला, ठिगळ लावले, पुढे कित्येक महिने भार कमी ठेवला, व्यायाम करून घेतला. यातले काय उपयोगी पडले? पहिल्या प्रयत्नांत तुलना नसणे आम्ही समजू शकतो. परंतु १९९७ साली अमेरिकेत हा उपचार अधिकृतपणे बाजारात आला, तेव्हाही दोन उपचारांची चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना हाती नव्हती.

ती तुलना नॉर्वेत झाली. गुन्नार क्नुट्सेन आणि सहकाऱ्यांनी ८० रुग्ण घेऊन त्यांचे दोन गट केले, चाळीस-चाळीसचे. एका गटाला पेशींचे रोपण, दुसऱ्याला मायक्रोफ्रॅक्चर. हा दुसरा उपचार कोलोरॅडोचे रिचर्ड स्टेडमन यांनी १९८० च्या दशकात रूढ केला. खड्ड्याच्या तळाशी हाडाला टोच्याने तीन-चार मिलिमीटर अंतरावर बारीक छिद्रे पाडायची, मज्जेतले रक्त वर येते, गुठळी बनते आणि तिचे पुढे बहुतांशी तंतुमय कूर्चेत रूपांतर होते. हा एका बैठकीचा आणि पुष्कळ स्वस्त उपाय. २००४ साली दोन वर्षांचा निकाल आला : दोन्ही गट सुधारले. ऊतकाच्या प्रतीत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक नाही. आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी प्रत व रुग्णाला वाटणारा आराम यांचा परस्परसंबंध आढळला नाही. १९९४ च्या आकड्यांत जे दबक्या आवाजात होते ते येथे उघड बोलले गेले.

आमच्या मताच्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट येथेच नोंदवायला हवी. पाच वर्षांनी दोन्ही गटांत नऊ-नऊ गुडघे अपयशी ठरले, परंतु ज्यांची कूर्चा दोन वर्षांच्या तपासणीत सर्वांत चांगल्या प्रतीची दिसली होती, त्यांच्यापैकी एकही त्यांत नव्हता. म्हणजे आज आराम वाटण्याशी नसला, तरी पुढे टिकण्याशी प्रतीचा संबंध असू शकतो. संख्या लहान असल्याने ठाम बोलता येत नाही. सुमारे पंधरा वर्षांनंतरचा निकाल २०१६ साली आला : रोपणाच्या गटात १७ अपयशी, मायक्रोफ्रॅक्चरच्या गटात १३, आणि तपासलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या क्ष-किरण चित्रात संधिवाताची सुरुवात दिसू लागलेली.

पेशींची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे असे की, पद्धत आता सुधारली आहे. ते खोटे नाही. पेशी कोलॅजेनच्या पडद्यावर पेरून बसवण्याच्या नव्या पद्धतीची २०१४ साली प्रसिद्ध झालेली तुलना १४४ रुग्णांवर, तीन चौरस सेंटिमीटर वा त्याहून मोठ्या खड्ड्यांसाठी झाली, आणि दोन वर्षांनी वेदना व हालचाल या दोन्हींत ती मायक्रोफ्रॅक्चरपेक्षा सरस ठरली. अभ्यास निर्मात्या कंपनीच्या पैशाने झाला होता, पण तेवढ्याने तो खोटा पडत नाही. मोठ्या खड्ड्यांसाठी पेशींचा विचार होतो तो अशा पुराव्यावर. गंमत अशी की याही अभ्यासात ऊतकाच्या प्रतीत दोन गटांमध्ये फरक सापडला नाही. रुग्ण अधिक बरे झाले, पण त्याचे कारण ‘अधिक चांगली कूर्चा’ असे दाखवता आले नाही. उपचाराला यश आले तरी पत्रकातील कारणमीमांसा अधांतरीच राहते.

आराम कशाने पडतो हा प्रश्न किती निसरडा आहे, हे दाखवणारे दोन प्रयोग थोडक्यात सांगतो. दोन्ही झिजलेल्या गुडघ्यांवरचे आहेत, खेळातील ताज्या दुखापतींवरचे नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १८० रुग्णांचे तीन गट केले होते : एकाचा सांधा दुर्बिणीतून धुतला, दुसऱ्याचा खरडून साफ केला, तिसऱ्याच्या गुडघ्यावर नुसते छेद दिले आणि धुतल्याचा आवाज यावा म्हणून पाणी ओतले. रुग्णांना या शक्यतेची पूर्वकल्पना होती आणि त्यांनी लेखी संमती दिली होती. २००२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, दोन वर्षांत कोणत्याही वेळी खऱ्या शस्त्रक्रियांचे गट खोट्या शस्त्रक्रियेच्या गटाहून सरस ठरले नाहीत. दुसरा प्रयोग ऑस्ट्रेलियातला, २०२१ चा. स्वतःच्या रक्तातील प्लेटलेट दाट करून सांध्यात टोचण्याचे जे इंजेक्शन आपल्याकडेही शहरोशहरी दिले जाते, त्याची मिठाच्या पाण्याशी २८८ रुग्णांवर तुलना केली. वर्षभराने अकरा अंकी मापनात प्लेटलेटच्या गटाची वेदना २.१ ने उतरली, मिठाच्या पाण्याच्या गटाची १.८ ने. कूर्चेच्या घनफळातही लक्षणीय फरक नव्हता. मिठाच्या पाण्याने १.८ अंक उतरले हा आकडा आम्हाला अधिक बोलका वाटतो. तुलनेचा गट नसता तर २.१ हे केवढे तरी यश म्हणून छापले गेले असते.

पत्रकाच्या तळाशी ‘स्टेम सेल’ हेही दोन शब्द होते. १९९४ च्या उपचारातील पेशी या तयार कूर्चापेशी होत्या, मूलपेशी नव्हेत. दोन्ही एका ओळीत बसवणे ही सरळ दिशाभूल आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांतील रोपण सोडले, तर मूलपेशींचा वापर रीतसर चाचणीबाहेर उपचार म्हणून करता येत नाही.

हे सारे ऐकून सर थोडा वेळ गप्प बसले. मग पत्रक उलटे करून मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी डॉक्टरांना विचारायचे दोन प्रश्न लिहिले : खड्डा किती चौरस सेंटिमीटर आहे, आणि ‘यशस्वी’ म्हणता ते कूर्चा पाहून की मुलगी चालताना पाहून. पहिल्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले, पावणेदोन. दुसऱ्यासाठी पुढच्या भेटीची वेळ घ्यायला सांगितले आहे.