छुन्-यू यीची जबानी : सुईवैद्यांच्या गुरुपरंपरेचें एक साधन

चिनी सुईवैद्यक, ज्यास आज अॅक्युपंक्चर म्हणतात, तें पांच हजार वर्षें गुरुशिष्यपरंपरेनें अखंड चालत आलें आहे, असें विधान या विद्येवरील लोकप्रिय पुस्तकांत वारंवार आढळतें. वंशावळींस आपण जी कसोटी लावितों तीच येथेंही लाविली पाहिजे. शिकविणारा कोण, शिकणारा कोण, शिक्षण किती काळ चाललें, आणि पुरावा समकालीन कीं मागाहून रचलेला?

या प्रश्नांचें फार जुनें व तपशीलवार उत्तर सिमा छ्येन याच्या 'शीजी' या इतिहासग्रंथाच्या 105 व्या अध्यायांत आहे. छी देशच्या सरकारी कोठाराचा अधिकारी छुन्-यू यी हा वैद्यही होता. त्याजवर फिर्याद होऊन त्यास राजधानीस नेलें. धाकट्या मुलीनें बादशहास अर्ज केला व तो सुटला. पुढें बादशहानें त्याच्या विद्येविषयीं प्रश्न विचारिले. त्यांचीं उत्तरें व 25 रोग्यांच्या हकीकती या अध्यायांत उतरून घेतल्या आहेत. आपल्याकडील वतनाच्या करीन्याची आठवण व्हावी असाच हा कागद आहे.

मात्र त्यांतील दोन थर वेगळे केले पाहिजेत. प्रास्ताविक इतिहासकाराचें, उत्तरें यीचीं. गुरु यांग छिंग सत्तरीपुढचा व निपुत्रिक होता, म्हणून त्यानें आपले गुप्त ग्रंथ यीस दिले, असें प्रास्ताविक सांगतें. उत्तरांत तर छिंगचा मुलगा यिन राजास घोडे नजर करण्यास आला असतां यीचा त्याच्याशीं स्नेह जडला, असें आहे; शिवाय ही विद्या तुला दिल्याचें माझ्या वंशजांस कळूं देऊं नको, असें गुरूनें बजाविल्याचेंही आहे. फिर्यादीचें सालही प्रास्ताविकावरून इ. स. पूर्वीं 176 पडतें, तर त्याच ग्रंथांतील वेन बादशहाच्या वृत्तांतावरून 167. तेव्हां प्रास्ताविक दुय्यम मानून आम्ही जबानीवर भिस्त ठेवितों. तीही नक्कलच आहे, हें विसरतां कामा नये.

जबानीप्रमाणें यीचें या गुरूजवळील शिक्षण तीन वर्षांत पुरें झालें. तेव्हां त्याचें वय 39 होतें. आधींच्या पोथ्या गुरूनें टाकावयास लाविल्या. यीनें आपले सहा शिष्य सांगितले आहेत. त्यांपैकीं दोघे राजवैद्य, एक राजाच्या कोठाराचा व घोड्यांचा अधिकारी, एक सरदाराचा कारभारी. टोंचण्याच्या व डाग देण्याच्या जागा शिकविल्याचा स्पष्ट उल्लेख त्या दोघां राजवैद्यांपुरताच आहे. त्यांस वर्षाहून थोडा अधिक काळ लागला. थांग आन तर शिक्षण पुरें होण्यापूर्वींच राजवैद्य झाला. लहानपणापासून घरींच चालणारी वंशपरंपरा येथें दिसत नाहीं. दिसतात ते प्रौढ, नोकरींत असलेले विद्यार्थी.

यापेक्षां महत्त्वाचें उत्तर पुढें आहे. छिंग कोणापाशीं शिकला, असें बादशहानें विचारिलें. यी म्हणतो कीं, तें मला ठाऊक नाहीं. परंपरेचा उत्तम साक्षीदार दुसऱ्याच पायरीवर थांबतो!

1973 सालीं चांगशाजवळ मावांगद्वी येथें इ. स. पूर्वीं 168 मध्यें बंद झालेल्या थडग्यांत रेशमावरील हस्तलिखितें सांपडलीं. त्यांतील शिरांविषयींच्या दोन ग्रंथांत शिरा 11 आहेत आणि उपचार केवळ नागदवण्याच्या जातीच्या वनस्पतीच्या डागाचा, सुईचा नाहीं. मागाहून रूढ झालेली संख्या 12 आहे. म्हणजे यीच्या हयातींतच निरनिराळे पाठ चालू होते.

पुढील काळांत शिक्षण सरकारी झालें. सुंग दरबारीं 1027 सालीं वांग वेयीनें छिद्रांकित कांस्यपुतळे सिद्ध केले आणि त्यांवर विद्यार्थ्यांची परीक्षा होऊं लागली. 1822 सालीं दाओग्वांग बादशहानें राजवैद्यशाळेंतील हा विभागच बंद केला. या घटना जमेस धरिल्या तर 'अखंड' हा शब्द टिकत नाहीं.

सुईनें रोग बरा होतो कीं नाहीं, हा वैद्यांचा प्रश्न आहे. त्याचा निकाल वंशावळीनें लागत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, वैद्यकाच्या पोथीवर गुरुमालिका लिहिलेली आढळल्यास संग्राहकानें तीस पुरावा न मानतां तपासावयाचें विधान मानावें. 'ठाऊक नाहीं' असें सांगणारा यी हाच आमच्या मतें त्या मालिकेंतील सर्वांत विश्वसनीय मणी होय.