विस्मृतीचे पुरावृत्त : ‘द व्हील ऑफ टाइम’ या कादंबरीमालेचा विचार

१

दीर्घ अद्भुतरम्य कादंबरीकडे पाहण्याच्या दोन रीती समीक्षेत रूढ आहेत. एक रीत तिला पलायनवादी ठरवून बाजूला सारते. दुसरी तिच्यात रूपक शोधते आणि ते हाती लागताच कल्पित विश्वाचा बाकीचा पसारा अनावश्यक म्हणून सोडून देते. या विश्वाचा स्वतःचा इतिहास, वंशावळी, लुप्त राज्ये, विधिनिषेध, भाकिते आणि दंतकथा यांचा जो संभार असतो, त्याला येथे ‘पुरावृत्त’ म्हटले आहे. दोन्ही रीतींना हे पुरावृत्त सजावटीपलीकडचे वाटत नाही. मात्र अशा मालेचा वाचक वर्षानुवर्षे टिकून राहतो तो बहुधा या पुरावृत्तामुळेच. मग त्याचे कथनातील कार्य कोणते, हा प्रश्न टाळता येत नाही.

उपलब्ध सिद्धान्तन या बाबतीत अपुरे पडते. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये अद्भुताची जी मीमांसा केली, तिच्या केंद्रस्थानी नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक यांच्यामधील वाचकाचा संभ्रम आहे. ज्या विश्वात अतिनैसर्गिक हाच नियम आहे, तेथे हा संभ्रम उद्भवतच नाही. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३९ च्या परीकथाविषयक व्याख्यानात मांडलेली दुय्यम विश्वाची कल्पना अधिक उपयोगी आहे. त्या विश्वाच्या आंतरिक सुसंगतीतून वाचकाचा विश्वास कसा निर्माण होतो, हे ती सांगते. पण सुसंगती विश्वासाचे कारण ठरली, तरी ओढीचे कारण ठरतेच असे नाही. कोष्टकही सुसंगत असते.

रॉबर्ट जॉर्डन (१९४८–२००७) यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही माला या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष सोयीची आहे. ‘द आय ऑफ द वर्ल्ड’ हा पहिला खंड १९९० मध्ये, तर ‘अ मेमरी ऑफ लाइट’ हा चौदावा आणि शेवटचा खंड २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जॉर्डन यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी ब्रँडन सँडरसन यांची निवड केली आणि अखेरचे तीन खंड सँडरसन यांनी जॉर्डन यांच्या टिपणांच्या व लिखित अंशांच्या आधारे पूर्ण केले. चाळीस लाखांहून अधिक शब्दांच्या या मालेत पुरावृत्ताचा विस्तार प्रचंड आहे. मात्र तिचे आकर्षण या विस्तारात नाही. घडलेले आणि आठवलेले यांच्यामध्ये जे अंतर पडते, त्या अंतरातून तिचे पुरावृत्त आकारास येते. हे स्मृतीचे नव्हे, तर विस्मृतीचे पुरावृत्त आहे.

२

मालेचा आरंभच विस्मरणाने होतो. पहिल्या खंडाच्या पूर्वरंगात लूझ थेरिन हा पुरुष उद्ध्वस्त प्रासादात पत्नीला हाका मारीत हिंडतो. ज्यांना तो शोधतो आहे, त्या सर्वांचा वध त्याच्याच हातून झालेला आहे आणि वेडाच्या भरात त्याला त्याचे भान नाही. शत्रू येऊन त्याला शुद्धीवर आणतो; आठवण परत येते आणि ती असह्य होऊन तो स्वतःचा अंत करून घेतो. जेथे तो मरतो, तेथे एक पर्वत उभा राहतो. मालेची दोन टोके येथेच निश्चित झालेली आहेत : न आठवणे भयंकर आहे आणि आठवणे त्याहून भयंकर.

त्यानंतर कथा तीन सहस्र वर्षांहून अधिक काळ ओलांडून एमंड्स फील्ड या आडबाजूच्या खेड्यात येते. प्रत्येक खंडाचे पहिले प्रकरण एकाच ठरीव पालुपदाने सुरू होते. युगे येतात आणि जातात, त्यांच्या आठवणींच्या आख्यायिका होतात, आख्यायिकांच्या पुराणकथा होतात आणि ते युग पुन्हा येते तोवर पुराणकथाही विसरल्या गेलेल्या असतात, असा त्याचा आशय आहे. हे पालुपद नुसते अलंकरण नाही. पुरावृत्त ज्या नियमाने बनते, तो नियमच त्यात सांगितलेला आहे.

या नियमाचे सर्वांत मार्मिक उदाहरण खेड्यातील उत्सवासाठी आलेल्या थॉम मेरिलिन या कथेकऱ्याच्या प्रसंगात सापडते. त्याच्या भांडारात अतिप्राचीन युगांच्या कथा आहेत. जगाला वळसा घालणारा अग्निभाला बाळगणारा मोस्क नावाचा राक्षस आणि एल्स्बेट राणीशी झालेली त्याची युद्धे. अग्नीच्या गरुडाच्या पोटात बसून चंद्रावर गेलेला लेन आणि ताऱ्यांत फिरणारी त्याची कन्या साल्या. अद्भुत इंडची माता, रोगहारिणी मातेरीस. गावकऱ्यांच्या लेखी ही केवळ नवलाची नावे आहेत. वाचकाला मात्र त्यांत मॉस्को आणि क्षेपणास्त्रे दिसतात, एलिझाबेथ दिसते, मदर तेरेसा दिसतात. लेनच्या कथेची घडण तर स्मृतीच्या कार्यपद्धतीचा वस्तुपाठ ठरावी. १९६२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या जॉन ग्लेनचे नाव १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या ‘ईगल’ यानाला चिकटले आहे आणि १९८३ मध्ये अंतराळात गेलेली सॅली राइड त्याची मुलगी झाली आहे. वेगवेगळ्या घटना एका व्यक्तीभोवती गोळा करणे आणि असंबद्ध व्यक्तींना नात्यात बांधणे, ही लोकस्मृतीची सर्वज्ञात रीत आहे. जॉर्डन यांनी ती वाचकाच्या स्वतःच्या वर्तमानावर चालवून दाखविली आहे. त्यामुळे वाचकाच्या मनातील अंतराची दिशा उलटते : जे त्याच्यासाठी वर्तमान आहे, तेच या विश्वाचे विसरलेले पुराण आहे.

‘द शॅडो रायझिंग’ (१९९२) या चौथ्या खंडात एका राजप्रासादातील प्राचीन वस्तूंच्या संग्रहात वर्तुळातील तीन टोकांच्या ताऱ्याचे रुपेरी चिन्ह आढळते. ते कशाचे, हे कोणासही ठाऊक नाही. त्यातून केवळ गर्व आणि दिखाऊपणा जाणवतो. एका मोटारीचे मानचिन्ह ओळखून वाचक हसतो खरा, पण त्याची संस्कृती त्या काचेमागे कोणत्या भावनेच्या रूपात उरली आहे, हेही त्याच्या ध्यानात येते.

हीच प्रक्रिया कथेच्या वर्तमानालाही लागू होते. खंडांच्या आरंभी आणि अखेरीस जे उतारे येतात, त्यांपैकी काही चौथ्या युगात रचल्या गेलेल्या आणि कर्ता अज्ञात असलेल्या ग्रंथांतील म्हणून दिलेले आहेत. ज्या घटना वाचकासमोर तपशिलाने घडत आहेत, त्या तेथे आधीच दंतकथा झालेल्या आहेत.

३

विस्मृती हे या मालेचे तत्त्व असेल, तर स्मृतीची किंमत काय, याचे उत्तर चौथ्या खंडातील रूइडियनच्या प्रसंगात मिळते. कथनरचनेच्या दृष्टीने मालेतील हा सर्वोच्च बिंदू होय. आयील हे वाळवंटातील कठोर योद्ध्यांचे लोक आहेत. ठार मारण्यापूर्वी ते तोंडावर आवरण ओढतात. तलवारीला स्पर्श करीत नाहीत. गाडीतून भटकणाऱ्या अहिंसक तूआथाआन लोकांना टाळतात. या प्रथांचे कारण बहुसंख्य आयीलांना ठाऊक नाही. ज्याला टोळीप्रमुख व्हायचे आहे, त्याने काचेच्या स्तंभांमधून चालत जायचे असते. रँड हा नायक तेथून जातो, तेव्हा एकेक पाऊल पुढे टाकताना तो एकेक पिढी मागे जातो आणि पूर्वजांच्या डोळ्यांनी त्यांचे जगणे पाहतो.

हा उलटा क्रम निर्णायक आहे. परिणाम आधी दिसतो, कारण नंतर. तोंडावरील आवरणाचा उगम असाच उघड होतो. पळवून नेलेल्या मुलींना सोडविताना काही तरुणांच्या हातून हत्या घडते. आपल्या लोकांचे अहिंसेचे व्रत मोडून परतलेल्या मुलाला आई ओळख देत नाही. खुन्याच्या अंगावर आपल्या मुलाचा चेहरा तिला पाहवत नाही, म्हणून ती त्याला तोंड झाकावयास सांगते. जी प्रथा शौर्याची खूण म्हणून मिरविली जाते, ती मुळात लज्जेची खूण आहे. आणखी मागे गेल्यावर कळते की आयील हे एके काळी शस्त्र न उचलणारे सेवक होते आणि ज्यांना ते तुच्छ लेखतात, ते तूआथाआन त्यांचेच भाऊबंद आहेत. ते भटके ज्या हरवलेल्या गीताच्या शोधात आहेत, त्याचे मूळ पिके वाढविण्यासाठी गायल्या जाणाऱ्या गाण्यांत आहे, हे फक्त रँडला आणि वाचकाला दिसते.

पुरावृत्त येथे माहितीच्या पातळीवरून नैतिक पातळीवर जाते. स्तंभांमधून गेलेले सगळेच परत येत नाहीत. सत्य सहन न झाल्याने काहींचा तेथेच अंत होतो. पुढे रँड हे गुपित टोळ्यांच्या सभेत उघड करतो, तेव्हा कित्येक योद्धे भाले टाकून निघून जातात. स्वतःविषयी रचलेली गौरवगाथा आणि प्रत्यक्ष इतिहास यांत अंतर आहे, हे कळल्यावर समाजाचे काय होते, हा प्रश्न कोणत्याही काळी केवळ कल्पितातला राहत नाही. रूइडियनच्या प्रकरणांची शक्ती या प्रश्नात आहे.

४

चक्राकार काळाची कल्पना भारतीय वाचकास परिचित आहे आणि जॉर्डन यांच्या कालचक्रामागे हिंदू व बौद्ध विचारांची छाया उघड आहे. मात्र हे साम्य सावधपणे घ्यावयास हवे. आपल्या युगकल्पनेत धर्माचा क्रमाक्रमाने ऱ्हास होतो. जॉर्डन यांच्या चक्राला सात आरे आहेत, पण त्या सात युगांना अशी नैतिक उतरण नाही. दुसरा भेद कथनपरंपरेचा आहे. महाभारताची कथा व्यासांकडून वैशंपायनाकडे आणि पुढे सौतीकडे येते. सांगणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे तेथे निश्चित आहे. युगान्त झाला तरी संक्रमणाची साखळी अभंग राहते. जॉर्डन यांच्या विश्वात तुटते ती नेमकी ही साखळी.

येथून मालेपुढील मूलभूत पेच उभा राहतो. सर्व काही पुन्हा घडणार असेल, तर मानवी कृतीला अर्थ कोणता? मिर्चा एलियादे यांनी १९४९ च्या आपल्या ग्रंथात पुनरावर्तनाचे मिथक हे प्राचीन माणसाचे इतिहासाच्या दहशतीपासूनचे संरक्षण मानले आहे. जॉर्डन यांच्या नायकाला हे संरक्षण लाभत नाही. पूर्वजन्मीचा लूझ थेरिन त्याच्या मनात बोलू लागतो. स्वतःच्या हातांनी प्रियजनांना मारल्याची आठवण त्याची होते आणि पुन्हा तेच घडेल, या भयाने तो दगडासारखा कठीण होत जातो. त्याच्यापुरते पुनरावर्तन हीच दहशत आहे.

‘द गॅदरिंग स्टॉर्म’ (२००९) या बाराव्या खंडाच्या अखेरीस तो त्याच पर्वतावर जातो, जो लूझ थेरिनच्या मृत्यूतून उभा राहिला होता. सगळे जगच संपवावे, म्हणजे चक्र थांबेल, या विचारापर्यंत तो येतो. तेथे त्याला जे उमगते, ते साधे आहे : पुन्हा जन्म म्हणजे पुन्हा प्रेम करण्याची, मागची चूक टाळण्याची संधी. चक्र तेच राहते. त्याचा अर्थ बदलतो. हा बदल विस्मरणातून येत नाही. आठवणीचा संपूर्ण स्वीकार केल्यावरच येतो. शेवटच्या खंडात तो काळोखाच्या अधिपतीचा वध करण्याचे नाकारतो, कारण वाईट निवडण्याची शक्यताच नाहीशी झाली तर चांगल्याची निवडही उरत नाही. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला काळ राजाला घडवीत नाही, राजा काळाला घडवितो, असे सांगतात, त्याची येथे आठवण व्हावी. नियती चक्राकार मानूनही उत्तरदायित्व माणसाकडे ठेवण्याचा हा प्रयत्न दोन्हीकडे दिसतो.

५

या मालेच्या मर्यादाही याच निकषाने स्पष्ट होतात. ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’ (२००३) या दहाव्या खंडाचा बराच भाग आधीच्या खंडातील एका मोठ्या घटनेच्या वेळी इतर पात्रे काय करीत होती, हे सांगण्यात खर्ची पडतो. तो कंटाळवाणा होतो याचे कारण केवळ संथ गती नव्हे. तेथे तपशील वाढतात. पण घडलेले आणि आठवलेले यांमधील अंतर वाढत नाही. रेशमाचा पोत आणि चहाची चव यांची नोंद म्हणजे पुरावृत्त नव्हे. १९९७ आणि २०१५ मध्ये निघालेल्या परिचयग्रंथांची उपयुक्तता मान्य करूनही हेच म्हणावे लागेल : कोशात सारे ज्ञात असते आणि जेथे सारे ज्ञात आहे, तेथे ओढ नसते.

विश्वशक्तीचे स्त्री आणि पुरुष असे दोन अर्ध कल्पिणे ही आणखी एक अडचण आहे. त्या शक्तीच्या पुरुष-अर्धाला लागलेला कलंक आणि त्यापायी पुरुषांना येणारे वेड यांतून सत्ता स्त्रियांच्या हाती गेलेले एक जग उभे राहते. ही मांडणी लक्षणीय आहे. मात्र हा भेद निसर्गसिद्ध मानल्यामुळे पात्रांच्या तोंडी स्त्रिया अशा आणि पुरुष तसे ही ठरीव विधाने वारंवार येतात. बाकी सर्व रूढींचा उगम खणून काढणारी ही माला या एका रूढीपाशी खणणे थांबविते.

असे असूनही तिचे मोल उरते. लेखकाचे निधन, मागे राहिलेली टिपणे, दुसऱ्याच्या हातून झालेली पूर्तता आणि दोन शैलींमधील जाणवणारा सांधा यांमुळे खुद्द या संहितेलाही तिच्याच नियमातून जावे लागले. २०२१ ते २०२५ या काळात आलेल्या तीन पर्वांच्या दूरचित्रवाणी-रूपांतराने कथेत पुष्कळ फेरफार केले आणि ते अपुरेच राहिले. मूळ निष्ठेने जपले गेले की नाही, हा वाचकांचा वाद अशा वेळी साहजिक आहे. पण प्रत्येक संक्रमणात काही गळते आणि काही नव्याने जोडले जाते, हे त्यांना या मालेनेच शिकविले आहे. पुरावृत्ताची ओढ म्हणजे हरवलेले परत मिळविण्याची ओढ असे सामान्यतः मानले जाते. रूइडियनचे स्तंभ ओलांडून आलेल्या वाचकाला मात्र हे कळलेले असते की परत मिळालेला भूतकाळ सुखाचा असेलच असे नाही आणि तरीही तो नाकारता येत नाही. अद्भुतरम्य कादंबरी जेव्हा वाचकाला या जाणिवेपर्यंत आणते, तेव्हा तिला पलायन म्हणण्यास आधार राहत नाही.