दीड अंशाचं अंतर

जेफ्री लँग, हॅरी अँड्र्यूज आणि रोम्युलस व्हिटेकर यांचा मगरीच्या लिंगनिश्चितीवरचा निबंध 1989 साली ‘अमेरिकन झूलॉजिस्ट’मध्ये आला. पुढच्याच वर्षी, मार्च 1990 मध्ये, मेळघाटात ढाकण्याजवळ गडगा नदीच्या सिद्धू कुंडात मगरी सोडल्या गेल्या. फेब्रुवारी 1991 मध्ये पुन्हा. एकातून दुसरं घडलं असं मला म्हणायचं नाही. पण वऱ्हाडातल्या वाचकानं हा निबंध त्या कुंडाचा काठ डोळ्यांसमोर ठेवून वाचला, तर तो फार खुलतो.

मगरीत नर-मादी ठरवणारी गुणसूत्रं नसतात. अंडं पडतं तेव्हा आतला जीव नर नसतो, मादीही नसतो. उबवणीच्या मधल्या दिवसांत घरट्याची ऊब काय ते ठरवते. लेखकांनी अंडी वेगवेगळ्या, पण स्थिर तापमानात उबवली. 28 ते 31 अंशांपर्यंत सगळ्या माद्या. 32.5 अंशांना सगळे नर. मध्ये अंतर दीड अंशाचं. निबंधाची भाषा इथेही शांतच राहते, आणि त्यामुळे हे आकडे अधिकच अंगावर येतात. त्याहून पुढे तापमान चढलं की पुन्हा माद्या दिसू लागतात. ‘जितकं तापेल तितके नर’ असं सोपं सूत्र आपण मनात बांधू लागतो, तर तेही टिकत नाही. निबंधातली ही जागा मला सर्वांत आवडते.

अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 च्या वर जातो. मग मेळघाटात काय व्हावं? इथे लेखकांसोबत जमिनीत उतरावं लागतं. मगर काठाच्या मातीत किंवा वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि बुजवते. खड्डा किती खोल, माती किती ओली, वर सावली किती, अंडी फेब्रुवारीत पडली की एप्रिलमध्ये, यावर आतली ऊब ठरते. म्हणजे जागा निवडणारी आई नकळत पिढीतलं नर-माद्यांचं प्रमाणही निवडत असते.

आणि हे प्रमाण मगरीच्या संसारात फार अर्थपूर्ण आहे. विणीच्या काळात एक दांडगा नर डोहावर ताबा ठेवतो, अनेक माद्यांशी जुळतो, दुबळ्या नरांना हुसकावून लावतो. अशा डोहात माद्या जास्त असल्या तर पिल्लं कमी होत नाहीत. पण रोनाल्ड फिशर यांनी 1930 साली मांडलेला विचार इथे आडवा येतो: नर विरळ झाले की प्रत्येक नराच्या वाट्याला सरासरीनं जास्त संतती येते, म्हणून नर जन्माला घालणाऱ्या आईचा वंश पुढे सरकतो आणि लंबक परत फिरतो. मगरीच्या बाबतीत हा लंबक फिरवायचा तर आईच्या हाती खड्ड्याची जागा, खोली आणि वेळ एवढंच आहे.

मद्रासच्या मगर केंद्रात एकच मादी एका हंगामात दोनदा अंडी घालते, अशी नोंद झालेली आहे. पहिला खड्डा जरा थंड वाळूत, दुसरा तापलेल्या. एकाच उन्हाळ्यात तिला आधी लेकी आणि मग लेक होत असतील का? निबंध मिटला तरी हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.