गुबगुबीत अक्षरे आणि मागचा बाक

मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेला ‘बालू’ हा टंक आम्हांला आवडतो. जाड रेघा, गोलावलेली टोके. तक्त्याचे शीर्षक त्यात मुलांना जवळचे वाटते. मात्र सगळा मजकूर त्याच ठळक वळणात छापू नये. ‘ध’ आणि ‘घ’ यांत फरक शिरोरेषेतल्या फटीचा. रेघ जाड झाली की फट अरुंद होते. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील ओळखतो. ६ मीटरवर तो सुमारे १.७ मिलिमीटर भरतो. फट त्याहून लहान असल्यास मागच्या बाकावर ‘धन’ प्रभाराचा ‘घन’ होतो! मजकुरासाठी ‘बालू २’मधील सडपातळ वळण घ्यावे, आणि तक्ता टांगल्यावर शिक्षकांनी मागच्या बाकावरून तो एकदा वाचून पाहावा.